जिलानी वायरमन आणि अर्थिंगचा खड्डा

मी नांदेडहून बदलून लातूरला आलो तो १९८२च्या ऑगस्टात, जिल्हा झाला त्याच महिन्यात. कचेऱ्यांच्या पाट्या रंगून तयार होत्या, इमारती मात्र सगळ्या भाड्याच्या. खोल्यांची इतकी टंचाई होती की दोन-दोन कारकून एका खोलीत राहत. मला वीरण्णांच्या घरात माडीवरची खोली मिळाली. मी बी.कॉम. होतो, आलेली इंग्रजी पत्रं वाचून दाखवीन, एवढ्यावर त्यांनी ती दिली. वीरण्णांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. घरात त्यांची पत्नी लक्ष्मम्मा, मुलगी सिंधु आणि सत्तरी ओलांडलेली आई गौरम्मा. आईला सगळे अव्वा म्हणत. मीही म्हणू लागलो.

जिलानींची गाठ पडली ती खोलीतलं बटण बदलायच्या निमित्तानं. पंचावन्नच्या आसपासचा सडसडीत माणूस, खाकी सदरा, खिशाला टेस्टर, पायात टायरच्या तळाच्या चपला. सायकलच्या दांडीला कापडी पिशवीत एक शंभराचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. बटणाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"अर्थ कुठं हाय ह्या घराचा?" त्यांनी विचारलं.

मला ते कुठलं माहीत असणार? मी हसून म्हणालो, "मी आजच आलोय."

"राहणाऱ्यालाच माहीत पायजे, सायेब. घरात न्हाणी कुठं अन् अर्थ कुठं, ह्या दोन गोष्टी पहिल्या दिवशी बघायच्या."

त्यांची ही सवय गावभर ठाऊक होती. बोलावलं पंख्यासाठी तरी ते आधी अर्थिंग बघत. यंत्राच्या आत वीज चुकून पत्र्याला लागली तर तिला जमिनीत उतरायला वाट हवी. तशी वाट असली की फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. नसली तर माणूसच वाट होतो. एवढी गोष्ट ते दर घरात, दर वेळी, तितक्याच गंभीरपणे सांगत. लोक कंटाळत. मोंढ्यात त्यांचं नावच 'अर्थवाला' पडलं होतं.

मूळचे ते निलंग्याचे. निजामाच्या अमदानीत पोरवयात हैदराबादेत वायरिंग शिकले. तरुणपणी निलंग्यात एका गिरणीवाल्यानं त्यांना खड्डा खणू दिला नाही, अर्थची तार नळाच्या पाइपाला बांधायला लावली. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, मोटारीत बिघाड झाला आणि त्या पाइपाजवळच्या हौदावर गिरणीवाल्याची म्हैस मेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "म्हैस होती म्हणून मालक दुधाचंच बोलला," ते म्हणाले. "तिथं त्याची सून पाणी भरायची."

पत्नी हुसेनबी तापानं गेली त्याला दहा वर्षं झाली होती. एकच मुलगी, मलिका, लोह्याला दिलेली. गंजगोलाई या गोल बाजारपेठेच्या मागं एका खोलीत ते एकटे राहत. शुक्रवारी नमाज झाली की सायकल काढून आपण केलेले खड्डे तपासत फिरत. कुणी बोलावलेलं नसे. बल्बची एक वायर विजेला, दुसरी अर्थला लावायची. बल्ब लख्ख पेटला तर खड्डा चांगला. मिणमिणला तर पाणी मागायचं, खड्ड्यात ओतायचं आणि पुन्हा बघायचं. बायका दार उघडून "आले का खड्ड्याचे डॉक्टर" म्हणत आणि आत निघून जात. चहा विचारणारं घर एकच होतं, वीरण्णांचं. तिथं अव्वा त्यांची थट्टा करत आणि त्या थट्टेसाठीच ते दर शुक्रवारी सगळ्यात शेवटी इकडे येत असावेत, असं मला वाटे.

नवा जिल्हा झाल्यावर वीरण्णांकडे अधिकारी जेवायला येऊ लागले. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी हैदराबादेहून खिडकीत बसवायचं एसी आणलं. आमच्या भागात कुणाच्या घरी ते नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीत ते बसवलं, खाली परसात जिलानींनी स्वतः खड्डा खणला. माणसाच्या उंचीएवढा. त्यात उभा लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर नरसाळं, भोवती विटांची चौकट आणि झाकायला शहाबादी फरशी.

अव्वा पाटावर बसून बघत होत्या. "जिलान्या, इतकं मीठ तर मी लोणच्याला घालत न्हाई रे."

"लोणचंच हाय अव्वा. मुरलं पायजे. रोज एक घागर पाणी घाला."

"रोज घागर? ह्याच्यापरीस म्हैस पाळली असती. पाणी पिऊन दूध तरी दिलं असतं. ह्यो काय देतोय?"

"ह्यो देत न्हाई, अव्वा. अंगावर घेतो."

पाण्याची टंचाई त्याच वर्षी सुरू झाली. पाऊस बेताचा झाला, विहिरी पौषातच तळाला गेल्या. घागर खड्ड्यात ओतणं घरात कुणालाच पटेना. तेव्हा जिलानींनी एक सोपी युक्ती काढली. एसी चालू असलं की मागच्या तबकातून थेंब थेंब पाणी गळतं. त्या तबकाला त्यांनी रबरी नळी जोडली आणि तिचं तोंड खड्ड्याच्या नरसाळ्यात सोडलं. यंत्राचं पाणी यंत्राच्याच खड्ड्याला. कुणाकडे मागायला नको. त्या शुक्रवारी ते फार खुशीत होते. बल्ब लख्ख पेटला आणि त्यांनी मला खाली बोलावून तो दाखवला.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. जुलैत ढग यायचे, हवा दमट व्हायची, अंगाला घाम चिकटायचा आणि ढग तसेच पुढे कर्नाटकाकडे निघून जायचे. सहा दिवसांनी टँकर. एका घराला ठरलेल्या घागरी, एकट्या माणसाला चार. अव्वांना अडचण वेगळीच होती. त्यांची रोजची लिंगपूजा. टँकरचं पाणी शंभर हातांतून येतं, पाइप गटारीत लोळतो, ते पूजेला घ्यायला त्यांचं मन धजेना. आणि इकडे त्या दमट हवेत एसीच्या मागून दिवसाकाठी अर्धी घागर स्वच्छ पाणी पडत होतं. त्यांनी नळी काढून बाजूला टाकली आणि तबकाखाली पितळी घागर लावली.

मी म्हणालो, "अव्वा, यंत्राचं पाणी पूजेला चालतं?"

"यंत्राचं कसं? हवेतलं हाय. ढगानं दिलं न्हाई ते ह्यानं काढून दिलं. कुणाचा हात लागला न्हाई त्याला."

"जिलानींचा लागलाय की."

"यंत्राला लागला. पाण्याला न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. नळीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

जिलानी त्या महिन्यात येत नव्हते. मलिकाचं बाळंतपण होतं, ते लोह्याला गेले होते. परतले त्या दिवशी सकाळी मला गंजगोलाईत भेटले. मी कचेरीत निघालो होतो. चार शब्द बोलताना मी सहज म्हणालो, "अव्वांना वाताचा त्रास सुरू झालाय. हाताला झिणझिण्या येतात म्हणतात."

"कवा येतात?"

"सकाळी. पूजेचं पाणी घ्यायला जातात तेव्हा."

"कुठलं पाणी?"

मी सांगितलं. त्यांनी सायकल वळवली आणि "चला सायेब" एवढंच म्हणाले. कचेरीला उशीर होईल हे मनात आलं, तरी मी मागं गेलो.

घरात त्या दिवशी गडबड होती. बिदरहून सिंधुला बघायला पाहुणे येणार होते, दुपारी दोनला. मागच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, एसी सकाळपासून सुरू ठेवलं होतं. टँकरचाही तोच दिवस. सहा दिवसांनी अव्वा डोक्यावरून आंघोळ करणार होत्या.

जिलानींनी परसात जाऊन एसीच्या मागच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. त्यांनी फरशी उचलली. खड्ड्यातला कोळसा भाजल्यासारखा कोरडा. बल्बची वायर लावून पाहिली तर आतली तार नुसती लाल दिसत होती.

ते आत आले, मीटरच्या फळीवरून एसीचे दोन्ही फ्यूज ओढून काढले आणि खिशात घातले. खोलीतला आवाज बंद पडला.

वीरण्णा धावत आले. "जिलान्या, डोकं फिरलं का तुझं? पाहुणे यायलेत!"

"मालक, पत्र्यात करंट उतरलाय. अव्वाच्या हाताला लागतोय तो वात न्हाई. पाय कोरडे, फरशी कोरडी म्हणून नुसत्या मुंग्या. आज आंघोळ करून वल्ल्या पायानं गेल्या तर जाग्यावर जातील."

"टेस्टर काय, आमच्या भिंतीला लावला तरी पेटतोय. मग फ्यूज का उडला न्हाई? तूच सांगतो ना, करंट उतरला की फ्यूज उडतो?"

"खड्डा वाळलाय. वाट बंद हाय. चार घागरी पाणी द्या, खड्ड्यात घालतो. संध्याकाळपर्यंत मुरू द्या. मग फ्यूज लावा, धाडकन उडला न्हाई तर माझं नाव बदला."

"चार घागरी? पाहुण्यांच्या दिवशी? मातीत?" वीरण्णांनी भोवती बघितलं. शेजारची माणसं दारात जमली होती. "आजचा दिवस चालू दे. अव्वाला मी जाऊ देत न्हाई तिकडं. उद्या बघ काय बघायचं ते."

"पाहुण्यांची पोरं असतील. परसात खेळतील. पत्रा कुणालाबी लागंल. करंटला आज-उद्या कळत न्हाई, मालक."

"खड्ड्याची लई माया तुला," वीरण्णा म्हणाले. "घरात माणूस न्हाई, म्हणून खड्ड्याला जीव लावून बसला. माझ्या पोरीचं जमायलंय ते बघवंना व्हय रे?"

अव्वा दारात उभ्या होत्या. त्या आत वळल्या. मग वीरण्णा माझ्याकडे वळले. "सायेब, तुम्ही शिकलेले. असं असतंय का?"

मला विजेतलं कळत नव्हतं हे खरं. पण जिलानींवर माझा विश्वास होता हेही खरं होतं. मी म्हणालो, "मला त्यातलं नक्की सांगता येणार नाही."

जिलानींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फ्यूज खिशात तसेच ठेवून ते सायकल घेऊन गेले.

पाहुणे आले. मागची खोली भट्टीसारखी तापलेली, म्हणून सगळ्यांना पुढच्या ओसरीत बसवलं. मुलगी पसंत पडली. मुलाच्या चुलत्यानं जाता जाता विचारलं, "एसी हाय म्हणं तुमच्याकडं?" एवढंच. वीरण्णांना तेवढं पुरलं. संध्याकाळी त्यांनी मन्मथ नावाच्या दुसऱ्या वायरमनला निरोप धाडला, सकाळी नवे फ्यूज घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे फटफटताना उठून गच्चीत गेलो. परसाच्या ठेंगण्या भिंतीपलीकडे, मागच्या बोळात जिलानींची सायकल होती. कॅरिअरला दोन्ही बाजूंना घागरी बांधलेल्या. भिंतीवर ओणवं होऊन ते रबरी नळीनं खड्ड्याच्या नरसाळ्यात पाणी सोडत होते. फरशी आदल्या दिवशी उचलली ती कुणी परत ठेवलीच नव्हती. आजूबाजूची माती काळी झाली होती. म्हणजे ही पहिली खेप नव्हती. त्यांनी वर पाहिलं. मी दिसलो असणार. ते थांबले नाहीत. घागरी रिकाम्या केल्या, नळी गुंडाळली आणि सायकल हातानं ढकलत, आवाज न करता बोळाबाहेर पडले.

आठ वाजता मन्मथ आला. अव्वांची आंघोळ आदल्या दिवशी गडबडीत राहिली होती. ती आज उरकली होती आणि त्या ओल्या केसांनी तुळशीपाशी उभ्या होत्या. मन्मथनं फ्यूज लावला. फळीवर धाडकन आवाज झाला आणि ठिणगी उडाली. त्यानं तार बदलली, पुन्हा लावला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदाही तेच.

"मशीन आतून गेलंय, अप्पा," तो म्हणाला. "हैदराबादला पाठवा. मी हात लावत न्हाई."

"काल चालत होतं!" वीरण्णा ओरडले. "त्या जिलान्यानं काढताना बिघडवलं. पाय तर ठेवू दे आता त्याला दारात, बघतोच!"

मी माडीवर आलो, कपडे केले आणि कचेरीत गेलो.

संध्याकाळी माझ्या वाट्याची एक घागर घेऊन जिलानींकडे गेलो. दार उघडंच होतं. खोलीत एक बाज, एक ट्रंक, खुंटीला पिशवी. कोपऱ्यात चार घागरी पालथ्या घातलेल्या. पुढचा टँकर पाच दिवसांनी होता.

"उडला?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

ते बाजेवर बसले. मग म्हणाले, "घागर कशाला आणली? मशिदीत वजूला, हातपाय धुवायला पाणी मिळतंय. प्यायला शेजारी देतात."

"मी वीरण्णांना सांगतो. तुम्ही रात्रीत सहा दिवसांचं पाणी ओतलंत म्हणून—"

"नका. आता सांगितलं तर म्हणतील, फ्यूज उडवायलाच आलता चोरून. अन् अव्वाला खरं पटलं तर ती देवाच्या पाण्याला भिईल. या वयात तिला कशाला?" मग म्हणाले, "काल तुम्ही बोलला असता तर ठीक होतं."

घागर मी तिथंच ठेवली. त्यांनी ती नको म्हटली नाही, हो म्हटली नाही.

एसी महिन्यानं परत आलं. सोबत दुरुस्तीवाल्यांची इंग्रजी चिठ्ठी होती. ती वीरण्णांनी मलाच वाचायला दिली. आतल्या तारांवरचं आवरण जळून वीज पत्र्याला लागली होती, बिघाड बऱ्याच दिवसांचा होता. यापुढे खड्डा ओला ठेवावा आणि शिवाय गळती पकडणारा स्विच बसवावा, थोडी वीज जमिनीकडे वळली तरी तो क्षणात सगळं बंद करतो, असं लिहिलं होतं. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

वीरण्णांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बऱ्याच दिवसांचा? मग आधी का उडत नव्हता फ्यूज? अन् त्याच सकाळी कसा उडला?"

उत्तर मला माहीत होतं. जिलानींनी सांगू नका म्हटलं होतं, हे गप्प राहण्याचं एक कारण. माडीवरची खोली सोडायला नको होती, हे दुसरं. मी चिठ्ठी घडी करून त्यांच्या हातात दिली.

स्विच बसला. मन्मथनं नळी परत नरसाळ्यात सोडली. अव्वांच्या झिणझिण्या थांबल्या होत्या. वैद्याचा काढा लागू पडला असं त्या सांगत. दिवाळीनंतर सिंधुचं लग्न झालं, मोंढा जेवला, जिलानींना बोलावणं गेलं नाही. मांडवाच्या दिव्यांचं काम मन्मथकडे होतं. शुक्रवारी मी गच्चीतून बोळाकडे बघायचो. जिलानी सायकलवरून आमची गल्ली टाळून पलीकडच्या रस्त्यानं जायचे. पुढं पुढं तेही दिसेनासे झाले. कळलं की नजर गेली म्हणून मुलीनं लोह्याला नेलं.

मी नांदेडला परत बदलून गेल्यावर, त्र्याण्णवच्या सुमारास, कामानिमित्त लोह्याला गेलो होतो. विचारत विचारत मलिकाचं घर काढलं. जिलानी ओट्यावर बसले होते. डोळ्यांवर जाड काच. आवाजावरून त्यांनी ओळखलं, तरी नाव घेतलं नाही.

"अव्वा?" त्यांनी पहिलं विचारलं.

"गेल्या, दोन वर्षांपूर्वी. म्हातारपणानं. झोपेतच गेल्या."

"झोपेत?"

"झोपेत."

"हाव," ते म्हणाले. मान दोन-तीनदा हलवली. नातवंडं अंगणात आरडाओरडा करत होती, त्यातलं एकही त्यांच्याजवळ येत नव्हतं. मी म्हणालो, "वीरण्णाही थकलेत आता. सांगू का त्यांना?"

"कशाला? जे झालंच न्हाई ते कसं सांगणार, सायेब?"

त्यांनी चहा सांगितला. तो पिऊन मी उठलो. त्यानंतर मी लोह्याला गेलो नाही. वीरण्णाही गेले. जिलानी गेल्याची बातमी मला फार उशिरा, एका ओळखीच्या माणसाकडून कळली.

मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. सिंधु आता माहेरच्या त्या घरात राहायला आली आहे, खोल्याखोल्यांत एसी आहेत म्हणते. तिच्या आजीचं त्या सकाळी काय होणार होतं आणि ते कुणाच्या पाण्यामुळे टळलं, हे तिला सांगायला हवं. फोन नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.